जुनं मेककी फंक्शन बदलू का? बदल, पण आधी त्यातनं बाहेर पडलेल्या किल्ल्या मोज

प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीतला पोरगा, दोन वर्षांचा अनुभव. त्यांच्याकडं घरचंच पीएचपी फ्रेमवर्क आहे, २०१३ च्या आसपास कुणीतरी लिहिलेलं आणि लिहिणारा केव्हाच पुण्याला गेलेला. त्याच्यावर पतसंस्था, दूध संस्था, दोन दवाखाने असे बारा-तेरा क्लायंट चालतायत. त्यात मेककी नावाचं, गुप्त की बनवून देणारं फंक्शन आहे, आत एकच ओळ: एमटी_रँडचा (पीएचपीतला साधा रँडम) आकडा पुढं लावून युनिकआयडी घ्यायचा आणि त्याचा एमडी५ (मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा, म्हणजे हॅश) काढायचा, संपलं. हा म्हणतोय ती ओळ खोडून रँडम_बाइट्स (सिस्टीमकडनं रँडमनेस घेणारं फंक्शन) टाकतो, पाच मिनिटांचं काम. सिनियर म्हणतोय दहा वर्षं चालतंय, हात लावू नको. कुणाचं ऐकायचं?

भावा, बदलायचं तर आहेच, त्यात वाद नाही. पण सिनियर ज्याला भितोय ती भीती खरी आहे, त्याला ती नीट सांगता आलेली नाही एवढंच. ती ओळ आहे तिथंच खोडून नवी टाकू नको. नव्या नावाचं नवं फंक्शन लिही, जुन्याचं नाव बदलून मेककी_जुनं कर, आणि जुन्याकडनं नवीन माल काढायचा बंद कर. असं का ते सांगतो, जरा लांबण लागेल, चहा घेऊन बस. (आणि इथनं पुढं मी की न म्हणता किल्ली म्हणणार आहे, नाहीतर प्रत्येक वाक्यात ही की कुठली की असा घोळ होतो.)

आमचे वडील उद्यमनगरात पॅटर्न मेकर, म्हणजे ओतकामासाठीचे नमुने बनवणारे, होते. पॅटर्नमध्ये चूक सापडली तर तो सुधारायला अर्धा दिवस लागायचा, पण तोवर त्या पॅटर्नवरनं ओतलेलं कास्टिंग पुण्याला, कुठं कुठं जाऊन मशीनला बसलेलं असायचं, त्याचं काय? म्हणून तर कास्टिंगवर हीट नंबर असतो. कंप्लेंट आली की आधी हीट नंबर विचारतात, मग त्या दिवशीच्या भट्टीची नोंद बघतात. किल्ली बनवणारं फंक्शन म्हणजे पॅटर्न आणि किल्ल्या म्हणजे बाहेर गेलेला माल. तुमच्या फ्रेमवर्कनं दहा-बारा वर्षं माल काढला आणि एकावरही हीट नंबर टाकला नाही, दुखणं खरं तिथं आहे. एमडी५ नंतर बघू.

तरी ती ओळ किती वाईट आहे ते एकदा आकड्यात बघ, म्हणजे मीटिंगमध्ये सांगता येईल. युनिकआयडी म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, घड्याळ आहे, मायक्रोसेकंदापर्यंतची वेळ हेक्समध्ये लिहिलेली. तुमच्या टेबलात क्रिएटेड_ॲट कॉलम आहेच, त्यात सेकंदापर्यंतची वेळ आहे, म्हणजे ज्याला ते टेबल दिसलं त्याच्यासाठी फक्त १० लाख शक्यता उरल्या. एमटी_रँड २१४ कोटी आकड्यांतला एक देतो, ऐकायला मोठं वाटतंय, पण त्याच्या मागचं बीज (सुरुवातीचा आकडा, ज्याच्यावरनं पुढचे सगळे ठरतात) ३२ बिटांचं, म्हणजे सगळी मिळून ४२९ कोटी बीजं. त्याच प्रोसेसनं दुसरीकडं कुठं एमटी_रँडचा आकडा बाहेर दाखवला असेल, ओटीपी म्हण, कॅप्चा म्हण, तर त्यावरनं बीज शोधून काढणं हे साध्या मशीनवर काही मिनिटांचं काम आहे, त्यासाठी तयार टूल मिळतात. आणि ह्या सगळ्यावर एमडी५ फिरवला म्हणून नवीन काही अनिश्चितता तयार होत नाही, फक्त दिसायला भारी दिसतं. पाणचट रश्श्यावर तांबडा तवंग सोडल्यासारखं.

अजून एक गंमत. एमडी५ चं उत्तर ३२ अक्षरी हेक्स येतं आणि तुम्ही ते तसंच्या तसं एईएस-२५६ ह्या एनक्रिप्शनला किल्ली म्हणून देताय, कारण त्याला ३२ बाइट लागतात आणि अक्षरं मोजली तर बरोबर ३२ भरतात. पण हेक्सच्या एका अक्षरात ४ च बिट असतात. म्हणजे आतली रँडमनेस एकदम पहिल्या दर्जाची असती तरी १२८ बिटांच्या वर गेली नसती. ही चूक फक्त तुमची नाही हां. लाराव्हेल ह्या पीएचपी फ्रेमवर्कच्या जुन्या व्हर्जनमध्ये ॲप_की, म्हणजे ॲपची मुख्य किल्ली, ही ३२ अक्षरांची स्ट्रिंग असायची, अंक आणि इंग्रजी अक्षरं मिळून ६२ चिन्हांतली, हिशोब केला तर साधारण १९० बिट. पुरेसे आहेत, पण २५६ नव्हेत. नंतर त्यांनी सरळ ३२ रँडम बाइट घेऊन ते बेस६४ मध्ये (बाइट साध्या अक्षरांत लिहायची पद्धत) लिहायला सुरुवात केली आणि पुढं "बेस६४" आणि कोलन असा प्रीफिक्स लावला. कॉन्फिगमध्ये प्रीफिक्स दिसला तर डीकोड कर, नाही दिसला तर जुनी समजून तशीच वापर. दोन ओळींचा कोड, पण त्यामुळं जुन्या ॲपचं काही मोडलं नाही. हीट नंबर हाच. मला लाराव्हेलमधल्या पुष्कळ गोष्टी आवडत नाहीत, पण हे काम त्यांनी नीट केलंय.

आता माझा स्वतःचा किस्सा, कारण ही अक्कल मला पुस्तकातनं आलेली नाही.

२०१९ साल. एका पतसंस्थेचं काम आमच्याकडं होतं, सभासदांचे केवायसीचे स्कॅन एनक्रिप्ट करून ठेवलेले, अकरा-बारा हजार फाइली. ज्यानं ते लिहिलं होतं त्यानं, म्हणजे मीच, २०१२ मध्ये, एक शक्कल लढवलेली: किल्ली कुठं साठवायचीच नाही, लागेल तेव्हा बनवायची. सभासद क्रमांकाला संस्थेचा गुप्त कोड जोडायचा, त्याचा सीआरसी३२ (३२ बिटांचा चेकसम) काढायचा, तो एसरँडला बीज म्हणून द्यायचा, मग अक्षरांची पट्टी स्ट्र_शफलनं पिसायची आणि पहिली सोळा अक्षरं घ्यायची. बीज तेच तर पत्ते दर वेळी तसेच पिसले जाणार, मग साठवायची कटकटच नको. तेव्हा मला मी लय हुशार वाटलो होतो. पीएचपी ५.६ चा सिक्युरिटी सपोर्ट २०१८ च्या डिसेंबरात संपला म्हणून जुलैमध्ये आम्ही नव्या सर्व्हरवर ७.२ घातलं. टेस्ट सगळ्या हिरव्या. रात्री साडेअकराला लाइव्ह केलं आणि कावळा नाक्यावर आम्लेट खाऊन घरी गेलो.

सकाळी दहाला फोन. नवीन स्कॅन अपलोड होतायत, उघडतायत, जुना एकही उघडत नाही. एरर पण नाही, नुसता कचरा येतोय. मी आधी फाइली कॉपी होताना बिघडल्या असं धरून तीन तास घालवले. नंतर कळलं की पीएचपी ७.१ मध्ये रँड आणि एसरँड हे आतनं मर्सेन ट्विस्टरला (एमटी_रँडच्या मागची पद्धत) जोडले गेले आणि शफल, स्ट्र_शफलही त्याच्यावरच चालायला लागले. बीज तेच, पत्ते वेगळे पिसले जातायत. भाषेवाल्यांची ह्यात काही चूक नाही, त्यांनी सुधारणाच केली आणि बदलांच्या यादीत लिहिलंही होतं, पिसण्याचा क्रम कायम तोच राहील असा शब्द त्यांनी कधी दिला नव्हता, तो मी मनानंच धरला होता. बरं, दुसऱ्या एका लिनक्स मशीनवर ५.६ टाकून बघितलं तर तिसरंच उत्तर, कारण त्या काळी रँडचं उत्तर पीएचपीच्या बिल्डवर आणि खालच्या सिस्टीमवर ठरायचं आणि आमचा जुना सर्व्हर होता विंडोजवर.

नशीब असं की तो जुना डबा शाहूपुरीतल्या आमच्या तळमजल्याच्या ऑफिसात टेबलाखाली पडलेला होता, भंगारवाला दोन वेळा येऊन गेला होता पण भाव जमला नव्हता. धूळ झटकून चालू केला, सगळे सभासद क्रमांक त्याला दिले आणि प्रत्येकाची किल्ली काढून घेतली, रात्रभर चाललं, मध्ये दोनदा लाइट गेली. मग सगळ्या फाइली नव्या पद्धतीनं परत एनक्रिप्ट केल्या. आणि पुढच्याच महिन्यात, ऑगस्टात, महापूर आला आणि पंचगंगेचं पाणी त्या ऑफिसात शिरलं. तो डबा पाण्याखाली गेला. अपग्रेड जुलैऐवजी दिवाळीनंतर केलं असतं तर त्या फाइली आज कुणालाच उघडता आल्या नसत्या.

ह्यातनं टेस्टबद्दल एक शिक. आमच्या टेस्ट हिरव्या का होत्या? कारण टेस्ट एनक्रिप्ट पण आत्ताच करत होती आणि डिक्रिप्ट पण आत्ताच. एकाच दमात जाऊन येऊन केलं की कायम जुळतंच. तुला लागणारी टेस्ट वेगळी आहे: आज, ह्या घडीला, जुन्या कोडनं एक किल्ली आणि एक एनक्रिप्ट केलेली ओळ बनव, ती फाइलमध्ये गोठवून रिपॉझिटरीत टाक (खरी किल्ली नव्हे, टेस्टसाठी बनवलेली), आणि टेस्ट अशी लिही की ही जुनी ओळ उघडली पाहिजे. ती फाइल परत कधी बनवायची नाही. कुणी रागानं टेस्ट मोडतीय म्हणून ती फाइल नव्यानं बनवली तर त्याला पार्टी द्यायला लाव. एका किल्लीवरनं दुसरी काढत असशील तर पीबीकेडीएफ२ आणि एचकेडीएफ दोन्हीचे तयार नमुने आरएफसीत, म्हणजे इंटरनेटच्या जाहीर तांत्रिक कागदांत, छापलेले आहेत, आरएफसी ६०७० आणि ५८६९, ते इनपुट दे आणि उत्तर अक्षर न् अक्षर जुळतंय का बघ. रँडम बाइट्सची मात्र टेस्ट लिहायच्या नादाला लागू नको, लांबी बरोबर आहे का आणि सोर्स मिळाला नाही तर एक्सेप्शन फुटतंय का, एवढंच बघ.

एक्सेप्शनवरनं आठवलं. रँडम_बाइट्स पीएचपी ७ पासून, म्हणजे २०१५ च्या डिसेंबरापासून भाषेतच आहे, आणि त्याला सिस्टीमकडनं रँडमनेस मिळाली नाही तर ते एक्सेप्शन टाकतं. तुला मोह होईल की ट्राय-कॅच लावावा आणि कॅचमध्ये जुना एमटी_रँड ठेवावा, म्हणजे साइट बंद पडणार नाही. अजिबात नको. साइट बंद पडू दे, फोन येईल, दुरुस्त करशील. कच्च्या किल्ल्या गुपचूप तयार होत राहिल्या तर फोन येतच नाही. जँगो ह्या पायथनच्या फ्रेमवर्कमध्येही अशी पळवाट बरीच वर्षं होती, सिस्टीमचा रँडम मिळाला नाही की वॉर्निंग देऊन मर्सेन ट्विस्टर वापरायचा, शेवटी त्यांनी ती काढून टाकली. पीएचपीचं ओपनएसएसएल_एनक्रिप्ट तर ह्याच्या पुढचं, किल्ली लांबीला कमी पडली तर ते मुकाट्यानं शून्य बाइट भरतं, जास्त झाली तर मुकाट्यानं कापतं. तक्रारच करत नाही. म्हणून लांबी तू तपास, आणि तीही स्ट्रलेननं बाइटमध्ये मोज, अक्षरं मोजू नको.

आणि ह्या भागातला कोड साफ करायची हौस असेल तर डेबियन लिनक्सचं उदाहरण डोळ्यापुढं ठेव. २००६ मध्ये तिथल्या एका मेंटेनरनं ओपनएसएसएल ह्या एनक्रिप्शनच्या लायब्ररीतल्या ओळी कमेंट करून बंद केल्या, कारण व्हॅलग्राइंड हे तपासणीचं टूल इनिशियलाइझ न केलेली मेमरी वापरतोय म्हणून ओरडत होतं. त्या ओळींबरोबर रँडमनेस गोळा करणारी वाटच बंद झाली आणि फरक पाडणारा फक्त प्रोसेस आयडी उरला, म्हणजे एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२ हजार. दोन वर्षं कुणाला पत्ता नाही, २००८ च्या मे महिन्यात जाहीर झालं. पॅकेज अपडेट करायला लोकांना पाच मिनिटं लागली असतील, पण त्या दोन वर्षांत बनलेल्या एसएसएच किल्ल्या आणि सर्टिफिकेटं जगभर पसरलेली, ती शोधून शोधून बदलायला लागली. परत तेच, पॅटर्न सुधारला, कास्टिंगचं काय?

आता तुझ्या कामाकडं येऊ. पहिल्या दिवशी कोड लिहूच नको. ग्रेप (कोडभर शब्द शोधायचं टूल) मार आणि मेककी कुठनं कुठनं बोलावलं जातंय त्याची यादी काढ. मी पैजेवर सांगतो की त्यात तीन वेगळी कामं निघतील: पासवर्ड रीसेटची लिंक किंवा सेशन असले टोकन, दुसऱ्या पार्टीला दिलेली एपीआय किल्ली, आणि डेटाबेसमधला मजकूर किंवा फाइल एनक्रिप्ट करायची किल्ली. नाव एक, पण तिघांचं आयुष्य वेगळं. रीसेटचं टोकन तासाभराचं, ते आजच्या आज बदल, कुणाची लिंक मेली तर परत मागवेल. सेशन बदलली तर लोकांना परत लॉगिन करायला लागेल, रविवारी रात्री कर. एपीआय किल्लीसाठी समोरच्याला पत्र, मुदत, आणि मुदत संपल्यावर दोन वेळा आठवण, त्यात महिना जातो. फाइलींची किल्ली हे वर्षानुवर्षांचं, खरी मेहनत तिथं. आणि वर सांगितलेला हिशोब विसरू नको, तुमच्या जुन्या किल्ल्या अंदाजानं शोधण्याच्या आवाक्यात आहेत, म्हणजे जुनं जपायचं ते उघडता यावं म्हणून, सुरक्षित आहे म्हणून नव्हे. ती मुदत जितकी आखूड तितकी बरी.

एनक्रिप्ट केलेल्या मजकुरापुढं आता हीट नंबर टाक. व्ही२ आणि कोलन, मग किल्लीचा नंबर, परत कोलन, मग पुढचा मजकूर. ज्याच्यापुढं काही नाही तो जुना. तुमचा जुना मजकूर बेस६४ मध्ये आहे ना, मग काळजी नाही, बेस६४ च्या चिन्हांत कोलन येतच नाही, त्यामुळं जुना मजकूर चुकून नव्यासारखा दिसणं शक्य नाही. कच्चे बाइट साठवले असतील तर मात्र ही युक्ती चालणार नाही, वेगळा कॉलम घ्यायला लागेल. जँगो पासवर्डच्या बाबतीत हेच करतं: साठवलेल्या हॅशमध्येच पद्धतीचं नाव, किती फेऱ्या आणि सॉल्ट (पासवर्डात मिसळलेली रँडम अक्षरं) लिहिलेलं असतं. २०१२ मध्ये १.४ व्हर्जनला पीबीकेडीएफ२ च्या १०,००० फेऱ्या होत्या, ४.२ ला ६ लाख झाल्या, ५.२ ला १० लाख, जवळपास प्रत्येक व्हर्जनला आकडा वाढतोय आणि एकालाही पासवर्ड रीसेट करायला लागत नाही, माणूस पुढच्या वेळी लॉगिन झाला की नव्या आकड्यानं हॅश परत लिहिला जातो.

इथं एक खड्डा आहे, ह्यात चांगले चांगले पडतात. व्हर्जन ओळखून जुनं पण उघडायचं ठरवलं की हल्ला करणारा मुद्दाम जुनं बनवून पाठवू शकतो. तुमचं जुनं एनक्रिप्शन सीबीसी पद्धतीचं आहे आणि त्याला सही नाही, म्हणजे मजकुरात कुणी छेडछाड केली तर कळायची सोय नाही. पॅडिंग (शेवटचा ब्लॉक भरायला घातलेले बाइट) चुकलं की सर्व्हर वेगळा एरर देतो, त्या एररवरनं एकेक बाइट करत मजकूर काढता येतो, मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटला २०१० मध्ये ह्याच पॅडिंग ओरॅकलनं घोळसलं होतं. म्हणून नियम कर: जुना प्रकार फक्त आपल्या डेटाबेसमधनं आला तरच उघडायचा. ब्राउझरकडनं, कुकीतनं, यूआरएलमधनं आलेलं जुनं असेल तर सरळ नाकार. आणि नवी किल्ली जुन्या पद्धतीत कधीही चालता कामा नये, किल्लीचा नंबरच ठरवेल की पद्धत कुठली, बाहेरनं आलेला प्रीफिक्स ठरवणार नाही.

रिलीज दोन टप्प्यांत कर. पहिल्यात कोड नवं वाचायला शिकेल पण लिहील जुनंच. सगळ्या सर्व्हरवर तो पोचला ह्याची खात्री झाली की दुसऱ्यात नवं लिहायला सुरुवात. एकदम केलंस तर एका सर्व्हरनं नवं लिहिलेलं दुसऱ्या, अजून जुन्या कोडवरच्या सर्व्हरला वाचता येणार नाही आणि गिऱ्हाइकाला एकदा चालतंय एकदा नाही असं दिसेल, असला बग शोधणं म्हणजे डोक्याला शॉट. एएसपी डॉट नेट कोअरनं हे फ्रेमवर्कमध्येच बांधून टाकलंय, किल्लीचं आयुष्य डीफॉल्टनं ९० दिवस, नवी बनली की दोन दिवस नुसती बसून राहते, म्हणजे सगळ्या मशीनना ती दिसलेली असते, आणि मुदत संपलेली किल्ली फेकत नाहीत, उघडण्यापुरती ठेवतात. जँगोत जुन्या किल्ल्यांची यादी द्यायची सोय ४.१ ला, २०२२ मध्ये आली, लाराव्हेलमध्ये ११ ला, २०२४ मध्ये. एवढ्या मोठ्या फ्रेमवर्कांना किल्ली बदलायची सरळ वाट द्यायला इतकी वर्षं लागली, तर तुमच्या घरच्या फ्रेमवर्कमध्ये ती नाही ह्याचं वाईट वाटून घेऊ नको.

ऑडिटवाले येतील तेव्हाची एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. ते यादी घेऊन येतात आणि एसएचए-१ (एक जुना हॅश) दिसला की लाल शेरा मारतात. रेल्स ह्या रुबीच्या फ्रेमवर्कमध्ये मूळ गुपितावरनं बाकीच्या किल्ल्या काढायला पीबीकेडीएफ२ आहे, त्यात पूर्वी एसएचए-१ होतं, ७.० पासून नव्या ॲपना एसएचए-२५६ डीफॉल्ट झालं. २०१७ मध्ये एसएचए-१ ची टक्कर (दोन वेगळ्या मजकुरांचा एकच हॅश) दाखवली गेली हे खरं, पण ती सहीच्या कामाला घातक, एचमॅकच्या (किल्ली घालून काढलेला हॅश) आत बसून किल्ली काढण्याला त्यानं धोका होत नाही. आणि तो डीफॉल्ट आंधळेपणानं चालू केला की जुन्या सगळ्या कुकी एका रात्रीत मेल्या, त्यासाठी आधी रोटेटर, म्हणजे जुनी कुकी वाचून नव्या पद्धतीनं लिहिणारा कोड, लिहायला लागतो. तसंच रेल्समध्ये तिथं फेऱ्या फक्त १,००० आहेत म्हणून आमच्याकडं एका ऑडिटरनं अर्धा तास वाद घातला. अहो, मूळ गुपित ६४ रँडम बाइटांचं आहे, ते अंदाजानं शोधणं एका फेरीलासुद्धा अशक्य आहे, फेऱ्या वाढवायच्या त्या माणसानं ठरवलेल्या पासवर्डासाठी, जो अंबाबाई१२३ असा असतो. तात्पर्य, बदल करायचा तर सावकाश, व्हर्जन टाकून कर, शेरा पुसायच्या घाईत नको.

घाई करायची ती इथं: डॉक्युमेंटातली किंवा नमुना कॉन्फिगमधली किल्ली प्रॉडक्शनला चालतीय का बघ. बारा क्लायंटपैकी किती जणांची मुख्य किल्ली एकसारखी आहे ते आज जेवायच्या आधी तपास, मला उत्तर माहीत असल्यासारखं वाटतंय. मायक्रोसॉफ्टनं २०२५ च्या फेब्रुवारीत सांगितलं की इंटरनेटवर उघड पडलेल्या ३,००० हून जास्त मशीन की (एएसपी डॉट नेटच्या किल्ल्या) त्यांना सापडल्या, लोकांनी उदाहरणं बघून कॉपी केलेल्या, आणि त्यांच्या जोरावर सर्व्हरवर कोड चालवता येतो. लाराव्हेलमध्ये २०१८ ला तसंच, ॲप_की फुटली की कुकीच्या वाटेनं थेट सर्व्हर ताब्यात. जँगो ३.२ पासून नव्या प्रोजेक्टच्या किल्लीपुढं "जँगो-इनसिक्युअर" असं लिहूनच देतो, आणि डिप्लॉय चेक चालवला की ओरडतो. तू एक पाऊल पुढं जा, ॲप चालू होतानाच तपास: किल्ली नमुन्यातली असेल, लांबी कमी असेल, तर ॲप सुरूच होऊ देऊ नको.

जुन्या फाइली नव्या किल्लीवर न्यायचा जॉब रात्री चालव, रोज थोड्या थोड्या, आणि रोज सकाळी एक आकडा बघ, जुन्या प्रकारच्या किती उरल्या. हा आकडा सिनियरला पण पाठव, त्याची भीती त्यानंच कमी होईल, बोलून होणार नाही. शेवटी काही मोजक्या अशा उरतीलच ज्या कशानंच उघडत नाहीत, बहुतेक त्या आधीपासूनच बिघडलेल्या असतात, त्यांची यादी क्लायंटला लेखी दे. शून्य झालं तरी मेककी_जुनं लगेच काढू नको, कारण बॅकअप. मागच्या मार्चची बॅकअप कुणी रीस्टोर केली तर त्यात सगळं जुन्याच किल्लीवर असणार. बॅकअप किती महिने ठेवता ते विचार आणि तेवढे दिवस जुनी किल्ली लाइव्ह सर्व्हरवरनं काढून कागदावर छापून सीलबंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत ठेव, पाकिटावर नष्ट करायची तारीख आणि दोघांच्या सह्या.

आणि तुमच्या ऑफिसात २०१३ चा जो सर्व्हर आहे, ज्याच्यावर हे सगळं पहिल्यांदा चाललं होतं, तो अजून असेल तर त्याचा पीएचपी व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टीम आणि बिल्ड लिहून घे, डिस्कची इमेज काढ आणि ती दुसऱ्या इमारतीत ठेव, वरच्या मजल्यावर.